अनुयायी ते संवादक : समाजमाध्यमांवरील दुतर्फा संवादाची कसोटी

समाजमाध्यमांवर एखाद्या व्यक्तीचे किंवा संस्थेचे लेखन नियमाने पाहणाऱ्याला मराठीत सर्रास 'फॉलोअर' म्हटले जाते आणि या शब्दाला मराठी प्रतिशब्द देण्याची वेळ आली की 'अनुयायी' हा शब्द पुढे केला जातो. मात्र या दोन शब्दांच्या अर्थांत जे अंतर आहे, त्यातच प्रस्तुत व्याख्यानाचा विषय दडलेला आहे. अनुयायी म्हणजे मागून चालणारा हे खरे, परंतु मराठी परंपरेतला अनुयायी मुकाट्याने मागून चालणारा कधीच नव्हता. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी गोळा करून सिद्ध केलेल्या 'लीळाचरित्रा'त अनुयायांचे प्रश्न, त्यांच्या शंका, त्यांचे भाबडे गैरसमज आणि त्यांवर स्वामींनी केलेले निरूपण यांना मोठी जागा मिळालेली आहे, आणि विचारणाऱ्यांनी विचारले म्हणूनच पुढच्या पिढ्यांसाठी पुष्कळसे सांगितले गेले. उलट, आजच्या फॉलोअरला अनुयायी होण्यासाठी एक बटण दाबणे पुरते. त्याने काही विचारावे अशी अपेक्षा नसते आणि विचारलेच तर त्याला उत्तर मिळेल अशी हमीही नसते.

समाजमाध्यमांची थोरवी सांगताना ती 'दुतर्फा' असल्याचे नेहमी सांगितले जाते. वृत्तपत्र, नभोवाणी आणि दूरचित्रवाणी ही एका टोकाकडून अनेकांकडे जाणारी साधने आहेत, तर समाजमाध्यमांत प्रत्येक वाचकाच्या हाती लेखणीही आहे, असा हा युक्तिवाद असतो. परंतु रस्ता दुतर्फा असला म्हणजे त्यावरची वाहतूकही दुतर्फा होते असे नाही. म्हणून येथे तीन संज्ञा वेगळ्या ठेवणे आवश्यक आहे. एकाने बोलावे आणि अनेकांनी ऐकावे ते प्रसारण. ऐकणाऱ्याने आवड, नावड किंवा मत कळवावे तो प्रतिसाद. आणि ऐकणाऱ्याच्या बोलण्यामुळे मूळ बोलणाऱ्याच्या मतात, मजकुरात किंवा निर्णयात काही फरक पडण्याची शक्यता ज्यात खरोखर खुली असते, तो संवाद. ही शक्यता प्रत्येक वेळी प्रत्यक्षात उतरलीच पाहिजे असे नाही, पण ती मुळातच बंद असेल तर उत्तरांची संख्या कितीही वाढली तरी संवाद झाला असे म्हणता येत नाही.

जनसंपर्कशास्त्रात हा भेद चार दशकांपूर्वीच नोंदवला गेला आहे. जेम्स ग्रूनिग आणि टॉड हंट या अमेरिकन अभ्यासकांनी १९८४ साली संस्थांच्या जनसंपर्काचे चार प्रकार मांडले. पहिल्यात केवळ गाजावाजा असतो. दुसऱ्यात खरी माहिती दिली जाते, पण ती एकाच दिशेने जाते. तिसऱ्यात लोकांचे म्हणणे जाणून घेतले जाते, परंतु ते त्यांचे मन अधिक कौशल्याने वळवता यावे यासाठी, आणि म्हणून या प्रकाराला 'दुतर्फा विषम' म्हणतात. चौथ्यात संस्था आणि लोक या दोघांनीही बदलायची तयारी ठेवलेली असते, तो 'दुतर्फा सम' प्रकार होय. समाजमाध्यमांवरील बहुतेक खात्यांचा व्यवहार या मांडणीत तिसऱ्या प्रकारात बसतो. तेथे अनुयायांचे ऐकले जाते हे खोटे नाही. मात्र ते व्यापारी गिऱ्हाइकाचा कल पाहतो तसे ऐकले जाते.

मराठीतील पूर्वपरंपरा

वाचकाला बोलते करण्याची कल्पना मराठीला नवी नाही. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख यांची 'शतपत्रे' १८४८ पासून भाऊ महाजनांच्या 'प्रभाकर' साप्ताहिकात छापली गेली, आणि त्यांचे रूप पत्राचे होते, ही गोष्ट केवळ बाह्यांगापुरती महत्त्वाची नाही; मराठी गद्यातील समाजचिकित्सेच्या आरंभीच्या पर्वातच लेखकाने पत्र लिहिणाऱ्या नागरिकाची भूमिका घेतली, असा त्याचा अर्थ होतो. पुढे वृत्तपत्रांतील वाचकांचा पत्रव्यवहार आणि आकाशवाणीवरील पत्रोत्तरांचे कार्यक्रम यांनी हा धागा चालू ठेवला.

या परंपरेतील सर्वांत कसोटीचे उदाहरण मात्र र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' या मासिकाचे आहे. १९२७ पासून कर्व्यांच्या मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, चाललेल्या या मासिकात संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य या विषयांवर लेख येत असत आणि त्याबरोबर वाचकांच्या प्रश्नांना उत्तरेही दिली जात. जे प्रश्न घरात कोणाला विचारता येत नव्हते, ते वाचक पत्राने विचारीत आणि कर्वे त्यांना आडपडदा न ठेवता उत्तर देत. या संवादाची किंमत त्यांना मोजावी लागली. १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा जो खटला चालला, त्यात वाचकांच्या प्रश्नांना दिलेली उत्तरे हाच आक्षेपाचा विषय होता, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी त्यांचे वकीलपत्र घेतले होते, तरीही कर्व्यांना दंड झाला. वाचकाने प्रश्न विचारला असेल तर त्याला उत्तर देणे हा गुन्हा कसा ठरतो, हा त्या खटल्यामागचा मूळ प्रश्न आजही शिळा झालेला नाही. खऱ्या संवादात जोखीम असते, ती विचारणाऱ्याइतकीच उत्तर देणाऱ्यालाही असते, आणि जोखीम टाळण्यासाठी गुळगुळीत केलेले उत्तर हे बहुधा उत्तरच नसते, एवढे या उदाहरणावरून म्हणता येईल.

योगायोग असा की याच काळात, १९३२ साली, जर्मन नाटककार बेर्टोल्ट ब्रेख्त यांनी नभोवाणीविषयी लिहिताना, हे यंत्र श्रोत्याला केवळ ऐकवणारे न राहता त्याला बोलूही देणारे व्हावे, अशी मागणी केली होती. तांत्रिक अर्थाने ही मागणी समाजमाध्यमांनी पुरी केली असली, तरी तिच्यातील सामाजिक आशय अद्याप पुरा झालेला नाही.

यंत्रणेचा स्वभाव

असे का झाले, याचे एक कारण माध्यमांच्या रचनेत सापडते. ट्विटर २००६ साली सुरू झाले तेव्हा एकमेकांना उत्तर देण्याची वेगळी सोय तेथे नव्हती. वापरणाऱ्यांनीच नावापुढे 'ॲट' हे चिन्ह लावून एकमेकांना हाक मारायला सुरुवात केली आणि कंपनीने ती पद्धत मागाहून स्वीकारली. विषयवार चर्चा एकत्र बांधणाऱ्या हॅशटॅगची सूचनाही क्रिस मेसिना या वापरकर्त्याने ऑगस्ट २००७ मध्ये केली. म्हणजे संवादाची महत्त्वाची साधने लोकांनी स्वतःच्या गरजेतून घडवली होती. कंपन्यांनी त्यांत भर घातली ती प्रामुख्याने मोजता येणाऱ्या प्रतिसादाची. फेसबुकचे 'लाइक' बटण फेब्रुवारी २००९ मध्ये आले आणि हसू, आश्चर्य, दुःख, राग दाखवणारी चिन्हे २०१६ मध्ये आली. या चिन्हांमुळे प्रतिसाद देण्याचे श्रम जवळजवळ नाहीसे झाले, परंतु त्याबरोबर प्रतिसादाचा आशयही आटला, कारण अंगठा दाखवणाऱ्याला नेमके काय आवडले हे त्या अंगठ्यावरून कधीच कळत नाही.

पुढची पायरी अधिक बोधप्रद आहे. जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने माणसामाणसांतील अर्थपूर्ण देवाणघेवाण वाढवण्यासाठी, ज्या मजकुरावर चर्चा होते तो वर आणण्याचे धोरण जाहीर केले. हेतू ऐकायला चांगला होता. मात्र २०२१ मध्ये उघड झालेल्या कंपनीच्या अंतर्गत कागदपत्रांवरून असे दिसले, की २०१७ पासून रागाच्या चिन्हालाही साध्या 'लाइक'च्या पाचपट वजन दिले जात होते, आणि चर्चेला महत्त्व देणाऱ्या नव्या सूत्रामुळे वादंग माजवणारा मजकूर अधिक दूरवर पोहोचत होता. रागाच्या चिन्हाचे वजन पुढे २०२० मध्ये शून्यावर आणले गेले. यंत्राला बोलण्याची संख्या मोजता येते, त्यातला समजूतदारपणा मोजता येत नाही; त्यामुळे भांडण आणि संवाद या दोहोंची नोंद त्याच्या वहीत एकाच रकान्यात होते.

दुसरे कारण मानसिक आहे. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या अभ्यासकांनी १९५६ साली दूरचित्रवाणीच्या प्रेक्षकांविषयी एक संकल्पना मांडली, तिला मराठीत 'आभासी सहवास' म्हणता येईल. पडद्यावरचा निवेदक प्रेक्षकाकडे पाहून बोलतो, त्यामुळे प्रेक्षकाला त्याच्याशी ओळख असल्यासारखे वाटू लागते, परंतु निवेदकाला त्या प्रेक्षकाचे अस्तित्वही ठाऊक नसते, असा हा एकतर्फी जिव्हाळा असतो. समाजमाध्यमांनी हा आभास अधिक गडद केला. सकाळच्या चहाचा फोटो टाकून 'तुमचा आवडता चहा कोणता?' असे विचारणाऱ्या लोकप्रिय खात्याला हजारो लोक मनापासून उत्तरे देतात. विचारणाऱ्याने त्यांतले एकही वाचले नाही तरी त्याचे काही अडत नाही, कारण त्याला उत्तर नको असते, उत्तरांचा आकडा हवा असतो. एरवी प्रश्नचिन्ह हे संवादाचे दार असते. येथे ते केवळ दाराचे चित्र झालेले असते.

तक्रारनिवारण आणि संवाद

भारतात समाजमाध्यमांवरील दुतर्फा व्यवहाराचा सर्वाधिक परिणामकारक वापर प्रशासनाने केला, हे मान्य करायला हवे. सुरेश प्रभू २०१४ ते २०१७ या काळात रेल्वेमंत्री असताना धावत्या गाडीतील प्रवासी ट्विटरवर तक्रार नोंदवीत आणि ती संबंधित मंडळाकडे जाऊन पुढच्या एखाद्या मोठ्या स्थानकावर मदत पोहोचत असे. पुढे 'रेल मदद' ही व्यवस्था उभी राहिली. सुषमा स्वराज परराष्ट्रमंत्री असताना परदेशांत अडकलेल्या भारतीयांच्या हाकेला त्या स्वतः उत्तर देत. शीतकपाटाच्या बिघाडाची तक्रार घेऊन आलेल्या एका नागरिकाला, आपण संकटातल्या माणसांच्या कामात व्यग्र असल्याने फ्रिजच्या बाबतीत मदत करू शकत नाही, असे त्यांनी २०१६ मध्ये कळवले होते. हे नकाराचे उत्तर असूनही लोकांच्या लक्षात राहिले, कारण त्यामागे कोणीतरी माणूस बसलेला आहे याची खात्री त्यातून पटत होती.

तरीही तक्रारनिवारण आणि संवाद या दोन गोष्टी एक नव्हेत. डब्यात पाणी नाही अशी तक्रार आली, पीएनआर क्रमांक मागवला गेला, पुढच्या स्थानकावर पाणी भरले गेले आणि प्रवाशाने आभार मानले, म्हणजे एक प्रकरण मिटले. परंतु त्याच गाडीत त्याच टप्प्यावर पाणी वारंवार का संपते, हा प्रश्न विचारण्याची आणि त्यावर जाहीर बोलण्याची सोय या साखळीत नसते. तक्रारनिवारण एकेका माणसाची अडचण सोडवते. संवाद अनेकांच्या अडचणींतून व्यवस्थेची चूक ओळखतो. पहिल्यासाठी तत्परता पुरते, दुसऱ्यासाठी चूक कबूल करण्याची तयारी लागते.

या बाबतीत उत्तरांची भाषाही बरेच सांगून जाते. 'आपली तक्रार संबंधित विभागाकडे आवश्यक त्या कार्यवाहीसाठी पाठविण्यात आली आहे' हे वाक्य मराठी वाचणाऱ्या प्रत्येकाने शेकडो वेळा पाहिले आहे. व्याकरणदृष्ट्या ते निर्दोष आहे. मात्र त्यात कर्ता नाही. कोणी पाठवली, कोणाकडे पाठवली, कधीपर्यंत काय होईल, यांतले काहीही त्यात नसल्यामुळे पुन्हा विचारायचे झाल्यास कोणाला विचारायचे हेच कळत नाही. त्याऐवजी 'तुमची तक्रार आज सकाळी पाणीपुरवठा विभागाच्या उपअभियंत्यांकडे दिली आहे, ते उद्या दुपारपर्यंत पाहणी करतील, तोवर पाणी आले नाही तर येथेच कळवा' असे लिहिले, तर शब्द थोडेच वाढतात, पण उत्तराला जबाबदार माणूस मिळतो आणि संभाषणाला पुढचे पाऊल मिळते. 'पाठविण्यात आली आहे' हा प्रयोग कार्यालयीन मराठीत सोयीचा असेल. संवादात तो दार लोटून घेण्याचा सभ्य प्रकार ठरतो.

दोन परदेशी प्रयोग आणि एक मक्याचे शेत

खात्याचा लगाम लोकांच्या हाती देण्याचा धीट प्रयोग स्वीडनने केला. डिसेंबर २०११ पासून सप्टेंबर २०१८ पर्यंत देशाचे अधिकृत ट्विटर खाते दर आठवड्याला एका वेगळ्या सामान्य नागरिकाकडे सोपवले जात असे, आणि तो नागरिक जगभरच्या वाचकांशी स्वतःच्या शब्दांत बोलत असे. २०१२ मध्ये एका नागरिकाच्या विधानांवरून गदारोळ उठला, तरी प्रयोग थांबवला गेला नाही. मात्र २०१७ मध्ये याच खात्याने द्वेषपूर्ण लेखन रोखण्याच्या हेतूने सुमारे १४ हजार खाती अडवल्याचे उघड झाले. त्यांत पत्रकारही असल्याने टीका झाली आणि खाते चालवणाऱ्या संस्थेला क्षमा मागून ती बंदी उठवावी लागली. संवाद वाचवण्यासाठी कोणाला तरी बाहेर ठेवावे लागते, पण कोणाला आणि का हे उघडपणे सांगितले नाही तर संवादावरचा विश्वासच उडतो, हा पेच या एका प्रयोगात स्पष्ट दिसतो.

आइसलँडमधील उदाहरण सत्तेच्या प्रश्नाला भिडते. २००८ च्या आर्थिक कोसळीनंतर तेथे नव्या संविधानाची मागणी झाली आणि २०११ मध्ये २५ सदस्यांच्या परिषदेने आपला मसुदा तयार होईल तसतसा जाहीर करून फेसबुक, ट्विटर आदी माध्यमांतून नागरिकांच्या सूचना मागवल्या. सुमारे ३,६०० अभिप्राय आले, त्यांवर चर्चा झाली आणि मसुदा पुन्हा पुन्हा लिहिला गेला. ऑक्टोबर २०१२ च्या सल्लादायी सार्वमतात सुमारे दोन तृतीयांश मतदारांनी त्या मसुद्याला आधार मानण्याच्या बाजूने कौल दिला, परंतु संसदेने तो संमत केला नाही. परिषद आणि नागरिक यांच्यात संवाद झाला, पण निर्णयाचा अधिकार ज्यांच्याकडे होता ते त्या संवादात बांधलेले नव्हते. अनुयायांशी बोलणाऱ्याकडे काही बदलण्याचा अधिकार आहे का, हा प्रश्न म्हणूनच सुरुवातीलाच विचारायला हवा.

या दोन मोठ्या प्रयोगांच्या शेजारी एक लहान, परंतु महाराष्ट्रातील वाचकाला ओळखीचे असे चित्र ठेवता येईल. २०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी भारतात आली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातील मक्यावर दिसू लागली, तेव्हा शेतकऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर कुरतडलेल्या पानांचे फोटो येऊ लागले. अशा गटावरचा जाणकार सल्लागार फोटो पाहताक्षणी औषधाचे नाव सांगत नाही. तो उलट विचारतो : पोंग्यात ओली विष्ठा दिसते का, अळीच्या डोक्यावर इंग्रजी 'वाय' अक्षर उलटे काढल्यासारखी खूण आहे का, शेपटाकडच्या भागावर चौकोन मांडल्यासारखे चार ठिपके आहेत का, पीक किती दिवसांचे आहे? शेतकरी पुन्हा शेतात जातो, पोंगा उकलतो, जवळून फोटो काढतो, आणि मग मिळणारा सल्ला त्या शेतापुरता नेमका असतो. फवारणीनंतर अळी टिकून राहिल्याचे शेतकऱ्याने कळवले, तर फवारा पोंग्याच्या आत पोहोचला होता का, ही पुढची चौकशी होते आणि त्यातून सल्लागारालाही आपली सूचना अधिक स्पष्ट लिहिण्याची गरज उमगते. या देवाणघेवाणीत दोन्ही बाजू निरीक्षण करतात आणि दोन्ही बाजूंचे ज्ञान वाढते. तिच्यातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य उत्तराचे नसून प्रतिप्रश्नाचे असते. प्रतिप्रश्न विचारणारा माणूस समोरच्याजवळ आपल्याला नसलेली माहिती आहे हे मान्य करतो, आणि अनुयायी तेथेच संवादक होतो.

मर्यादा आणि शिस्त

येथे संख्येचा आक्षेप उभा राहतो आणि तो रास्त आहे. एखाद्या खात्याचे एक लाख अनुयायी असतील, त्यांपैकी हजारात एकाने रोज एक प्रश्न विचारला आणि प्रत्येक उत्तराला तीन मिनिटे लागली, तर रोजचे पाच तास त्यातच जातील. ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी माणसाला टिकवता येणाऱ्या स्थिर नात्यांची संख्या सुमारे १५० असल्याचे अनुमान मांडले आहे. ते काटेकोर मानले नाही तरी लाखाशी मैत्री करता येत नाही हे उघड आहे. म्हणून सर्वांना उत्तर देण्याचा देखावा करण्यापेक्षा काही शिस्त जाहीरपणे स्वीकारणे अधिक प्रामाणिक ठरते : कोणत्या वेळी आणि कोणत्या विषयांवर उत्तरे दिली जातील हे आधी सांगणे, समान प्रश्न एकत्र करून त्यांना एकच सविस्तर उत्तर देणे, खाते अनेक जण चालवत असतील तर उत्तराखाली लिहिणाऱ्याची आद्याक्षरे देणे, आणि यंत्राने तयार केलेले उत्तर असेल तर तसे स्पष्ट नमूद करणे.

दुसरी मर्यादा मौनाची आहे. जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेल्या ढोबळ नियमानुसार ऑनलाइन समूहांत शंभरातले नव्वद जण केवळ वाचतात, नऊ जण अधूनमधून लिहितात आणि एकच जण सतत लिहितो. हे प्रमाण सर्वत्र तंतोतंत लागू पडत नसले, तरी सतत लिहिणाऱ्यांचा आवाज म्हणजेच अनुयायांचे मत, अशी गल्लत किती सहज होते हे त्यावरून समजते. त्यात शिवीगाळीची भर पडली की अनेक जण, विशेषतः स्त्रिया, लिहिणेच सोडतात. सुषमा स्वराज यांनी २०१८ मध्ये त्यांच्यावर झालेल्या अश्लाघ्य टीकेनंतर, असे ट्रोलिंग मान्य आहे का, असा कौल ट्विटरवर घेतला, तेव्हा ४३ टक्के मते ट्रोलिंगच्या बाजूने पडली. अशा वातावरणात प्रत्येकाला उत्तर देणे हा सद्गुण राहत नाही. मतभेद ठेवणाऱ्याला उत्तर देणे आणि केवळ अपमान करणाऱ्याला रोखणे, हा विवेक संवादाच्या आड येत नाही; तोच संवादाला जागा करून देतो, मात्र त्याचा नियम सर्वांना दिसेल असा असला पाहिजे.

या सर्व विवेचनातून एक साधी कसोटी हाती लागते. वर्षाअखेरीस एखाद्या खात्याचे किती अनुयायी वाढले आणि किती उत्तरे दिली गेली, हे मोजण्याबरोबर अनुयायांच्या सांगण्यावरून काय दुरुस्त झाले, याची यादी त्या खात्याला देता आली पाहिजे. चुकीची तारीख सुधारली, बसचा थांबा हलवला, लेखातील विधान मागे घेतले, सल्ल्याची भाषा सोपी केली, अशा दहा नोंदी निघाल्या तर तेथे संवाद झाला. एकही निघाली नाही, तर लाखो प्रतिसाद मिळूनही ते प्रसारणच राहिले.

न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली, तेव्हापासून महाराष्ट्रात गावोगावी रुजलेला व्याख्यानाचा हा प्रकार मुळात एकतर्फी आहे, ही गोष्ट समाजमाध्यमांना नावे ठेवताना विसरता येणार नाही. परंतु याच प्रकाराने एक नम्र उपायही शोधून ठेवला आहे : व्याख्यान संपत आले की वहीच्या पानाचे चिटोरे चार घड्या घालून रांगेरांगेतून पुढे सरकू लागते आणि हातोहात व्यासपीठापर्यंत पोहोचते. त्या चिठ्ठ्यांपैकी सोयीच्या तेवढ्या निवडणारा वक्ता सभा जिंकून जातो. अडचणीची चिठ्ठीही सर्वांना ऐकू जाईल अशी वाचणारा आणि गरज पडल्यास आपल्या छापील व्याख्यानातील वाक्य बदलणारा वक्ता मात्र श्रोत्यांना त्या व्याख्यानाचे भागीदार करून घेतो. समाजमाध्यमांनी चिठ्ठ्यांची संख्या अगणित केली आहे आणि त्या पोहोचवणारे हात नाहीसे केले आहेत. चिठ्ठी उघडून वाचण्याचे काम पूर्वीइतकेच वक्त्याकडे राहिलेले आहे.